तासिकेवरचे प्राध्यापक आणि गल्ल्यावरची तालीम

एम.ए., पीएच.डी. झालेली आपली मुले तासिका तत्त्वावर शिकवत कायम जागेची वाट पाहतात. त्यात उमेद जाते. मोबाइल-संगणकाच्या कंपन्यांत ‘युजर एक्सपिरियन्स रिसर्च’ नावाचे काम असते : वापरणाऱ्याजवळ बसून तो कुठे अडतो ते पाहायचे, विचारायचे, लिहायचे. समाजशास्त्र, मानसशास्त्र शिकलेल्यांना मुलाखतींची सवय असतेच. फक्त इथे प्रबंधासारखी वर्षे मिळत नाहीत, उत्तर लवकर लागते.

यात कमीपणा कसला? आमच्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आधी गावकऱ्यांनाच विचारले. लोकांनी औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले.

गिऱ्हाईक पदर दोनदा चाचपून “नंतर येते” म्हणते, तेव्हा भाव नडला की पोत, हे आपण ओळखतोच. सुट्टीत मुलाला दुकानात बसवा. विकायला नव्हे, बघायला.