रहिवासाचे शुल्क

परराज्यातील विद्यार्थ्याकडून अधिक शुल्क घेण्यास घटनेचा अडसर नाही, हे १९५५ मध्येच ठरले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारे दिल्लीचे डी. पी. जोशी यांनी मध्य भारत राज्याच्या कॅपिटेशन फीला आव्हान दिले होते. स्थानिकांना ती माफ होती. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने त्यांची याचिका फेटाळली. अनुच्छेद १५ ‘जन्मस्थाना’वरून भेदभाव निषिद्ध ठरवतो, ‘निवासा’वरून नव्हे. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या अनुच्छेद १६ मध्ये मात्र ‘निवास’ हा शब्द आहे! म्हणजे पित्याला नोकरीत जे संरक्षण, ते मुलीला महाविद्यालयाच्या दारात नाही.

स्थानिकांच्या करातून चाललेल्या संस्थेने स्थानिकांना सवलत द्यावी, हा राज्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु दहा वर्षे त्याच राज्यात कर भरणारा स्थलांतरितही ‘बाहेरचा’च ठरावा काय? जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. शुल्काचा मुद्दा त्या खटल्यात नव्हता. बदलीवरील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही राज्ये प्रवेशनियमांत सूट देतात. तीच सूट शुल्कालाही आणि खासगी नोकरीतील स्थलांतरितांनाही लागू करण्यास घटनादुरुस्ती लागत नाही; राज्याचा साधा शासननिर्णय पुरेसा आहे.