डोंगर हिरवा दिसतो, पण सावरला का?

आपल्या शाळेच्या ओट्यावरून गावामागचा डोंगर पाहिला, तर तो हिरवागार दिसतो. गेल्या फाल्गुनात हाच डोंगर वणव्यात जळून काळाठिक्कर पडला होता, हे परक्या माणसाला सांगितले तरी खरे वाटायचे नाही. म्हणून गावातली मोठी माणसे म्हणतात, "वणव्यानं काय व्हतंय? पाऊस पडला की डोंगर परत हिरवाच." मलाही तसेच वाटत होते. आता वाटत नाही. का, ते सांगतो.

नवरात्रात आमचा सातवीचा वर्ग गुरुजींबरोबर डोंगरावरच्या देवीला गेला. आपला अकोले तालुका म्हणजे डोंगरच डोंगर. देवीच्या माळावरून समोर कळसूबाई दिसते. तिची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. आम्हाला वर जाऊन ती बघायची घाई होती. पण ओढा ओलांडल्यावर गुरुजी थांबले आणि म्हणाले, "वाटेच्या दोन्ही अंगांना बघा. काय फरक दिसतो?"

वणवा उजव्या अंगाने आला होता आणि पाऊलवाटेपाशी येऊन विझला होता. वाटेवर जळायला गवतच नव्हते आणि तोवर वाराही पडला होता. त्यामुळे डावे अंग वाचले. लांबून दोन्ही बाजू हिरव्याच दिसतात. जवळ गेल्यावर खरे कळते.

डाव्या बाजूला कारवी डोक्याएवढी उंच, खाली कुजलेला पाला आणि काळी भुसभुशीत माती. एकाने काठी खुपसली, ती वीतभर आत गेली. उजव्या बाजूला तीच काठी दोन बोटे गेली आणि दगडाला टेकली. मग माती गेली कुठे? पाला जळाला, गवताचा आडोसा गेला आणि मृगाच्या पहिल्या पावसात उघडी माती धुऊन ओढ्यात आली. तेव्हा ओढ्याला चहासारखे पाणी आले होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

डोंगर सावरायची धडपड करतो, हेही खरे. कुंभ्याचा बुंधा कोळशासारखा झाला होता, पण साल जाड म्हणून झाड वाचले आणि वर नवी पाने आली. पळसाला बुडातून धुमारे फुटले आहेत. ते बघून आम्हाला फार आनंद झाला. पण हिरड्याची आणि जांभळीची गुडघ्याएवढी रोपे उभ्याउभ्या वाळून गेली होती. करवंदीच्या जाळ्या मोहरात असतानाच जळाल्या, म्हणून वैशाखात त्या बाजूला एक करवंद मिळाले नाही. कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. फुलायच्या आधीच ती जळली, तर बी पडणार कसे? आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालते. आग आली की टिटवी उडून जाते, अंडी कुठे जाणार?

माझे आजोबा म्हणतात, "जाळल्याबिगर नवं गवात चांगलं येत न्हाई." आजोबांचे थोडे खरे आहे. राखेमुळे पहिल्या पावसात गवत लवकर आणि हिरवे उगवते. पण पुन्हा पुन्हा जाळले की माती कमी होते. मारवेल, पवना असले चांगले गवत मागे पडते आणि कुसळी माजते. उजवी बाजू याआधीही दोन-तीनदा जळाली आहे. तिथून आम्ही परत आलो, तेव्हा सगळ्यांच्या कपड्यांना कुसळेच कुसळे. गुरे कुसळे खात नाहीत, हे आजोबांनाही ठाऊक आहे.

आता एक गोष्ट लिहायला मला लाज वाटते, तरी लिहितो. तो वणवा आमच्या राबातून गेला. बाबा भर दुपारी राब भाजत होते, मी शेजारी होतो. वावटळ आली, पेटता पाला बांधावरून उडाला आणि बघता बघता डोंगर पेटला. सारा गाव डहाळ्या घेऊन धावला, पण वणवा हाती लागला नाही. हे लिहू का, असे मी बाबांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. दुसऱ्याचा तरी राब सांभाळून भाजला जाईल."

राब भाजू नका, असे मी म्हणत नाही. राबाशिवाय भाताची आणि नागलीची रोपे कशी होणार? पण राब सकाळी लवकर, वारा नसताना भाजावा. आधी भोवतालचे गवत काढून घ्यावे. पाण्याच्या घागरी आणि ओल्या डहाळ्या जवळ ठेवाव्यात आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत घरी जाऊ नये. गुरुजींनी सांगितले, की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. ज्यांना जंगलात गुरे चारायचा हक्क आहे, त्यांनी वणवा विझवायला मदत करावी, असेही त्यात आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा आपणच आधी हातपाय हलवले तर बरे. दोन हातांची पाऊलवाट वणवा अडवू शकते, तर माघ महिन्यात वनखात्याला विचारून गावाने दहा-बारा हात रुंद पट्टा गवत कापून मोकळा ठेवला, तर किती डोंगर वाचेल! आम्ही मुले कापलेले गवत वाहून न्यायला येऊ. पालकांनी विळे घेऊन यावे.

पुढच्या नवरात्रात आम्ही हायस्कूलला असू. तेव्हा सातवीत येणाऱ्या मुलांनी याच वाटेने जावे आणि काठी उजव्या बाजूला खुपसून पाहावी. माती एका वर्षात भरून येत नाही, हे मला माहीत आहे. पण दोन बोटांची एक बोट तरी होऊ नये. काठी किती गेली, ते त्यांनी याच भिंतीवर लिहावे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी