तळे राखी तो पाणी चाखी

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण सहसा कुत्सितपणे वापरतो. सार्वजनिक वस्तूची राखण ज्याच्याकडे असेल तो तिच्यातून आपला वाटा काढून घेणारच, असा तिचा रूढ अर्थ. सोलापूरकरांनी मात्र ही म्हण काही काळ शब्दशः वाचावी, असे आम्हांस वाटते. ज्या शहराच्या मध्यातून नदी वाहत नाही, जेथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी, ते शहर शतकानुशतके टिकले ते तळी राखून. जो राखील त्यालाच पाणी मिळेल, हा आपल्या भूमीचा सरळ न्याय आहे. आज प्रश्न असा आहे की, सोलापूरचे तळे राखणारा कोण? महापालिका, राज्य शासन, पाटबंधारे खाते, की आपण सारे?

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावी तलाव खोदविला आणि त्या कामी हजारो हात लागले, ही परंपरा प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे. अल्लमप्रभू त्यांच्या भेटीस आले तेव्हाही हे कर्मयोगी तलावाच्याच कामात गढलेले होते, असे वीरशैव परंपरा सांगते. दरवर्षी संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आपण या पुण्यपुरुषाचे स्मरण करतो, संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्यास लाखोंची गर्दी लोटते. पण ज्याने पाण्याला ईश्वरसेवेचे स्थान दिले त्याचा उत्सव साजरा करणारे आपण, त्याच्या पाण्याची अवस्था वर्षाच्या उरलेल्या दिवसांत कितीदा पाहावयास जातो? नवी पेठेतून सिद्धेश्वर तलाव काही मोठ्या प्रवासाच्या अंतरावर नाही. मनाने मात्र तो दूर गेला आहे.

दुसरे उदाहरण एकरूखचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील हिप्परगा तलावाचे. अदिला नदीवर मातीचे धरण बांधून हा तलाव १८७१ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या कालव्यांनी शहराभोवतीच्या शेतांना पाणी दिले आणि पुढे शहराच्या नळांनाही. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. त्या काळी तलाव, शेत आणि शहर या तीन निराळ्या गोष्टी मानल्या जात नव्हत्या. माळावर पडलेला पाऊस ओढ्याने तलावात यावा, तलावातून तो शेतास मिळावा आणि उरलेल्या ओलाव्यावर वस्तीने जगावे, असा तो एकच व्यवहार होता. आपण त्या व्यवहाराची तीन शकले केली. तलाव एका खात्याकडे, बाग दुसऱ्याकडे, शेतजमीन तिसऱ्याकडे. आणि ज्या ओढ्यांनी ही तिन्ही एकत्र बांधलेली होती ते ओढे कोणाकडेच नाहीत.

१९९२ मध्ये शहराची हद्द वाढविण्यात आली. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, शेळगी, दहिटणे, कुमठे, मजरेवाडी अशी भोवतालची गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र पावणेदोनशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले. एका आदेशाने जे शहर झाले ते प्रत्यक्षात ज्वारीचे रान होते. हे रान काही साधेसुधे नव्हे. कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय अभ्यास देशात ज्या मोजक्या ठिकाणी प्रथम सुरू झाला त्यांत सोलापूर होते. १९३३ मध्ये येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. मालदांडी ज्वारीची नामांकित निवड शेजारच्या मोहोळ येथे झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण अभिमानाने पेढे वाटले. पण ज्या काळ्या जमिनीने हा लौकिक मिळवून दिला तिच्याच कुळातली जमीन आपल्या हद्दीत भूखंड पाडून विकली जाते, तेव्हा आपण केवळ दर विचारतो.

बागांचा विचार केला तरी चित्र फारसे वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक सूत्रांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो त्या शहरात सावली ही चैन नव्हे, ती आरोग्याची गरज आहे. प्रशस्त घरे आणि वातानुकूलित खोल्या ज्यांना लाभल्या त्यांना बाग नसली तरी चालेल. पूर्व भागातील यंत्रमागाच्या खोलीत दिवसभर राबणाऱ्या कामगारास आणि विडी वळणाऱ्या भगिनीस संध्याकाळी घटकाभर बसावयास झाडाखालचा बाक नसेल, तर या शहराने त्यांना दिले तरी काय?

सुशोभनाची कामे होत नाहीत असे नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या यादीत सोलापूरचे नाव झळकले; होम मैदान आणि सिद्धेश्वर परिसर यांच्याकडे त्या योजनेत लक्ष पुरविले गेले. त्या योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. जे बरे झाले त्याचे श्रेय द्यावयास आम्ही कचरत नाही. परंतु सुशोभन आणि संरक्षण यांत गल्लत होता कामा नये. काठावर फरशी घातली, दिवे लावले, कारंजे उडविले म्हणून तलाव वाचत नाही. पावसाचे पाणी येण्याची वाट मोकळी ठेवणे आणि मैलापाणी येण्याची वाट बंद करणे, ही तलाव वाचविण्याची खरी कामे. ती डोळ्यांत भरत नाहीत आणि त्यांच्या उद्घाटनास फीत कापता येत नाही. विजापूर रस्त्यावरील कंबर तलाव, म्हणजेच धर्मवीर संभाजी तलाव, जलपर्णीने पुन्हा पुन्हा का वेढला जातो, याचे उत्तर काठावर नसून त्यात येणाऱ्या पाण्यात आहे. दुसरे असे की, काठ सुशोभित करताना तो बंदिस्त करण्याची वृत्ती राज्यातील अनेक शहरांत बळावली आहे. भिंत, फाटक, तिकिटाची खिडकी आणि उपाहारगृहाचा ठेका असा तिचा क्रम असतो. तलावाचा काठ ही सर्वांच्या पायांना मोकळी असलेली जागा आहे. ज्याच्या खिशात पैसा नाही त्यालाही सूर्यास्त पाहण्याचा अधिकार आहे.

पाणी बुजवून शहरे काय कमावतात, हे शेजारच्या कोल्हापुराने पाहिले आहे. कपिलतीर्थाच्या जागी तेथे भाजी मंडई उभी राहिली, वरुणतीर्थाचे मैदान झाले. पाणी गेले, नावे उरली. आणि जोराचा पाऊस झाला की मैदानात साचणारे पाणी आपली जुनी जागा अजून विसरलेले नाही, हे दाखवून देते. नामवंत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातील अनेक गावे पायी हिंडून पाहिली. डासांचे भय दाखवून तळी बुजविण्याचा सपाटा तेव्हाही चालू होता. तळी बुजवू नका, त्यांत मासे वाढवा, ते डासांची पैदास खाऊन टाकतील, असा सल्ला त्यांनी दिला. परक्या देशातून आलेल्या विद्वानास जे उमगले ते आपल्या आजोबांना ठाऊक होते आणि आपण विसरलो.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार न्यायाने केला पाहिजे. हद्दवाढ भागातील शेतकरी विचारील, ‘तुम्ही पेठांत बसून भाव घ्यावा आणि आम्ही तुम्हांस वारा मिळावा म्हणून रान राखावे, हा कोठला न्याय?’ त्याचा प्रश्न खोटा नाही. जमिनीवर बागेचे आरक्षण टाकावयाचे, वर्षानुवर्षे मोबदला द्यावयाचा नाही आणि विकूही द्यावयाचे नाही, हा प्रकार अन्यायाचा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने म्हणूनच दहा वर्षांची मर्यादा घातली आहे. तेवढ्या काळात जमीन संपादन झाली नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि पुढील मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. म्हणजे आरक्षित बाग गमावली जाते ती बहुधा लबाडीनेच असे नाही, केवळ आळसानेही गमावली जाते. शेत राखावयाचे तर शेतकऱ्यास त्याची किंमत मिळाली पाहिजे. बांधकामाचा हक्क अन्यत्र वापरण्याची सवलत, पाण्याची हमी, शहरातच थेट विक्रीची जागा अशा उपायांनी ती देता येईल. बागेचे सुख साऱ्या शहराने भोगावे आणि तिचा भार एकट्या मालकावर टाकावा, यास नियोजन म्हणत नाहीत.

पण हे सारे ठरते कोठे? ते ठरते विकास आराखड्याच्या नकाशावर. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी कायद्याने नागरिकांना तीस दिवस दिले आहेत, त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या तीस दिवसांत हरकत घेतात ते प्रामुख्याने ज्यांच्या भूखंडावर रेषा पडली ते. ज्या जमिनीचा मालक सारे शहर आहे तिच्या वतीने कोणी अर्ज लिहीत नाही. पुढे एखाद्या दिवशी बागेच्या जागी इमारत उभी राहू लागली की आपण संतापतो, वृत्तपत्रांना पत्रे लिहितो. पण नकाशा तेव्हाच शाईने पक्का झालेला असतो.

नागरिक जागे असले म्हणजे काय घडू शकते, याचा दाखला बंगलोरने दिला. तेथील एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले. इस्पितळ ही उपयुक्त गोष्ट खरी, पण बागेची जागा ही बागेचीच, असा त्या निकालाचा आशय होता. २००१ मध्ये त्याच न्यायालयाने तळी ही समाजाची संपत्ती असल्याने त्यांचे रक्षण झाले पाहिजे, हे स्पष्ट केले. कायदा आपल्या बाजूस आहे. उणीव आहे ती त्याचा आधार घेणाऱ्यांची.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. शहरातील प्रत्येक बाग, मैदान व मोकळी जागा यांची क्षेत्रफळासह नोंदवही महापालिकेने प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक आरक्षण केव्हा संपुष्टात येऊ शकते ती तारीख तीत लिहावी. सिद्धेश्वर, संभाजी व हिप्परगा या तिन्ही तलावांची पूररेषा आणि त्यांस येऊन मिळणारे सर्व ओढे मोजून नकाशावर घ्यावेत, जागेवर दगड रोवावेत. तिन्ही काठांवर लोकांना विनामूल्य जाता येईल अशी पायवाट कायमची राखावी. आणि विकास आराखड्याचा नकाशा केवळ कार्यालयाच्या भिंतीवर न लावता प्रत्येक प्रभागात, शाळांच्या सभागृहांत, मराठीत समजावून सांगावा; जेथे तेलुगू, कन्नड वा उर्दू अधिक बोलली जाते तेथे त्या भाषांतूनही.

उरला प्रश्न आपला. नवी पेठेत या शहरातील वाचणारा, लिहिणारा, हिशेब जाणणारा वर्ग नित्य वावरतो. येथील व्यापारी आपल्या दुकानापुढील चार फूट जागेसाठी कागदपत्रे काखोटीस मारून नगररचना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवितो, आणि ते रास्तच आहे. तीच चिकाटी त्याने सर्वांच्या जागेसाठी एकदा दाखवावी. वकिलाने अर्जाचा मसुदा करून द्यावा, शिक्षकाने मुलांना ओढ्याकाठाने चालवीत तलावापर्यंत न्यावे आणि पाणी कोठून येते ते दाखवावे, निवृत्त अभियंत्याने नकाशा वाचावयास शिकवावे. सिद्धरामेश्वरांच्या काळी तलावासाठी हातांत कुदळ घ्यावी लागली. आज लेखणी घेऊन तीस दिवसांच्या आत एक अर्ज लिहावयाचा आहे. तेवढेही आपल्या हातून झाले नाही, तर पुढील संक्रांतीस त्या काठावर उभे राहून अक्षता टाकताना आपल्याला स्वतःचीच लाज वाटली पाहिजे.