घरच्या संगणकावरची वेबसाइट बाहेर दाखवताना

डिप्लोमा किंवा बीसीए करणारी आपली मुलेमुली हल्ली घरीच वेबसाइट बनवतात. विषय शोधावा लागत नाही: जमातीचे वधू-वर सूचक, शिष्यवृत्तीचे अर्ज, मदरशाची फी. काम झाले की रत्नागिरीतला भाचा मुंब्र्याच्या मामूंना ‘लोकलहोस्ट:८०००’ हा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि मामूंचे उत्तर येते, “बेटा, काहीच उघडत नाही.”

उघडणार कसे? लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, याचा अर्थ ‘हेच यंत्र’. मामूंचा फोन ती वेबसाइट स्वतःच्याच पोटात शोधत बसतो.

घरातल्या घरात दाखवणे सोपे आहे. फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत. सर्व्हर ०.०.०.० वर सुरू केला की तो इतर यंत्रांनाही उत्तर देतो. मग संगणकाचा पत्ता (बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा) आणि पुढे पोर्टचा आकडा फोनवर टाकावा. अडलेच तर फायरवॉल पाहावी. ती सरसकट बंद करू नये, तेवढ्या पोर्टपुरती वाट द्यावी.

मुंब्र्यापर्यंत मात्र हा पत्ता पोचत नाही. तो घरापुरता खासगी आहे. जुना उपाय म्हणजे राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग. पण इंटरनेट कंपन्या पुष्कळदा अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर रात्रभर जागूनही उपयोग नाही. तिथे एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल कामी येते. यात आपला संगणकच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, म्हणून राउटर अडवत नाही, आणि कुठूनही उघडणारी लिंक मिळते.

पाच मिनिटांचे काम! आमची काळजी इथूनच सुरू होते. ती लिंक मामूंपुरती राहत नाही. ज्याच्या हाती पडेल त्याला ती उघडते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट कुठवर जाते हे आपण जाणतोच. त्या वधू-वर सूचकात कुणाच्या तरी लेकीचा फोटो, वडिलांचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता असतो. ही माहिती लोकांनी जमातीकडे अमानत म्हणून दिलेली असते, सरावासाठी नव्हे. शिवाय तयार होत असलेली वेबसाइट बिघडली, की चुकीच्या संदेशाबरोबर कोडचे तुकडेही पडद्यावर दाखवते.

म्हणून आई-वडिलांना कोड कळत नसला तरी एवढे जरूर विचारावे: यातली नावे खरी आहेत की बनावट? चाचणीसाठी बनावटच भरायला सांगावीत, फोटोऐवजी फुलाचे चित्र चालते. लिंकला पासवर्ड लावावा. मामूंचे पाहून झाले की टनेल तिथल्या तिथे बंद करावे.

आणि जमातीला वेबसाइट रोज हवी असेल तर सरळ होस्टिंग विकत घ्यावे. घरची लाइट गेली की घरचा सर्व्हरही गेला, आणि कोकणात पावसाळ्यात लाइटीचा काय भरवसा!