मजुरी वाचवा, पिन वाचवू नका

मोटरसायकलचे मागचे चाक घरी काढावे का, हा प्रश्न आरोग्य आणि अर्थ यांच्या पानावर पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण चाकाचा खिशाशी आणि हाडांशी किती जवळचा संबंध आहे, हे मला गेल्या दिवाळीत कळले.

आमची मुलगी इथे इंग्लंडमध्येच नर्सिंग शिकते. सकाळी सातची ड्यूटी आणि त्या वेळी बस नाही, म्हणून तिने जुनी १२५ सीसीची मोटरसायकल घेतली. मागचा टायर गुळगुळीत झाला होता. दुकानदार म्हणाला, गाडी आणलीत तर पूर्ण मजुरी, सुटे चाक आणलेत तर निम्मी. मी पुण्यात वडिलांबरोबर बजाज चेतकची स्टेपनी रस्त्याच्या कडेला बदललेला माणूस! म्हटले, त्यात काय मोठेसे?

इथेच माझे चुकले. चेतकचे चाक ब्रेकच्या ड्रमवर नटांनी बसवलेले असते. नट काढले की चाक हातात येते, ब्रेकला धक्का लागत नाही. मोटरसायकलच्या मागच्या चाकातून ॲक्सल आरपार जातो, आणि चेन व ब्रेक दोन्ही त्या चाकाशी जोडलेले असतात. चाक काढणे म्हणजे हे सगळे सोडवून पुन्हा जुळवणे.

काम अवघड नाही, पण क्रमाने करावे लागते. ॲक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावा, कारण स्टँडवर चढवून जोर लावला तर गाडी कलंडू शकते. मग सपाट जागी मधल्या स्टँडवर लावावी. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची सळई आणि ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी सोडवावी. चेनचे दोन्ही बाजूंचे स्क्रू ढिले करून चाक पुढे ढकलावे, चेन उतरवावी आणि ॲक्सल ओढून काढावा. कोणता बूश डावीकडे, कोणता उजवीकडे, हे लिहून ठेवावे. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना पेडल दाबू नये. बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, चेनचा ढिलेपणा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा, नट टॉर्क रेंचने आवळावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. चाक हाताने फिरवून, ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

हे सगळे मी केले, एक गोष्ट सोडून. पाहुणे येणार होते, फराळ मांडायचा होता, त्या घाईत नट साध्या पान्याने 'अंदाजाने' आवळला. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी गॅरेजमधून आत आली. तिच्या तळहातावर पिन होती. "बाबा, ही खाली पडली होती. ही कुठली?" मी काय उत्तर देणार! पिन नसेल तर ढिला झालेला नट गळून पडायला अडवणारे काही उरत नाही. त्या दिवशी ती टॅक्सीने गेली. मजुरीत वाचलेले पैसे तिथेच संपले.

म्हणून काय चाक काढूच नये? मी तसे म्हणणार नाही. टायर बदलायला पैसे लागतात म्हणून तो तसाच चालवणे जास्त महाग पडते. इथल्या कायद्याप्रमाणे ५० सीसीपेक्षा मोठ्या मोटरसायकलच्या टायरची नक्षी रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात किमान १ मिलिमीटर खोल हवी. नसेल तर प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. पहिली ड्रायव्हिंग परीक्षा पास होऊन २ वर्षे व्हायच्या आत ६ पॉइंट झाले तर लायसन्सच रद्द होते. म्हणजे नुकत्याच पास झालेल्या आपल्या मुलामुलींना दोन झिजलेले टायर पुरेसे आहेत.

माझे म्हणणे एवढेच की घरी काम करून वाचलेल्या पैशातून आधी टॉर्क रेंच घ्यावा. 'हाताला अंदाज आहे' हा अभिमान आपल्या पिढीने सोडलेला बरा.

आता थोडे शरीराविषयी. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा. चपला घालून काम करू नका. चाक कमरेत वाकून उचलू नका. जमिनीवर बसून, पायाच्या चवड्यावर टेकवून वर घ्या. आणि इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसू नका. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले गेले की त्यामागून बोटे जातात.

आपल्या घरांत मुलांना अभ्यासाला बसवतात आणि पाना दुसऱ्याच्या हातात देतात. आमच्या घरी आता उलटे आहे. चाक मुलगी बसवते, मी शेजारी पुस्तिका घेऊन बसतो आणि एकेक ओळ मोठ्याने वाचतो. शेवटची ओळ पिनेची. ती मी दोनदा वाचतो.