काळ्या हातांचा वेग

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावर वाळू कशी घट्ट होते, हे बैलगाड्यांच्या शर्यती पाहणाऱ्या आम्हा सर्वांना ठाऊक आहे. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो अशाच ओरेटी किनाऱ्यावर आपली १९२० सालची ‘इंडियन’ मोटारसायकल पळवून पाहत. पिस्टनसुद्धा ते घरीच, जुन्या डब्यांत धातू ओतून बनवीत. अमेरिकेत बॉनव्हिल येथे, मिठागरासारखे पाणी आटून मिठाचे सपाट, टणक मैदान तयार होते. तेथे १९६७ साली, ६८ व्या वर्षी, त्यांनी ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा, हजार सी.सी.पर्यंतच्या गटातला विक्रम केला.

मातांनो, गॅरेजात हात काळे करणाऱ्या मुलाला कमी लेखू नका. त्याला आय.टी.आय.ला घाला. हाताला शिक्षणाची जोड द्या. मात्र रस्त्यावर शर्यत नकोच, असे आम्ही बजावतो.