पिनकोडची कुंडली

‘वसमत? कुठं आलं ते?’ पुण्यातल्या ऑफिसात हा प्रश्न ठरलेला. आता मी सरळ पिनकोडच सांगतो: ४३१५१२. एकदम सॉलिड आकडा आहे, राव!

सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. पत्र पोचलं की पोस्टाचं काम संपलं. त्यापुढचा खेळ देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांचा.

त्यांची ‘हर्षद’ संख्या म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जाणारी. वसमतच्या अंकांची बेरीज १६. आठानं भागलं तर ५३९३९, बाकी शून्य. सोळानं भागलं तर बाकी ८. थोडक्यात हुकलं! वर ५३९३९ ही मूळ संख्या, म्हणजे पुढं फोडायची सोयच नाही.

आता शेवटचे चार अंक, १५१२. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा: ५२११ − ११२५ = ४०८६. पुन्हा तेच करत राहा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. इथं गाडी थांबते. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार आकडी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येते. वसमतला पुरत्या सात लागल्या. लांबच्या रस्त्यानं, पण पोचलो!

मास्तरांचंही तसंच. मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं १९७५ मध्ये, तेव्हा ते सत्तरीत होते. मग जगाला देवळाली कळली.

तुमच्या गावाला किती पायऱ्या लागतात? काढा पेन्सिल!